गर्दीतला एकच का धावतो?

एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. संध्याकाळी ऑफिसमधून घरी येताना चौकात टेम्पोने एका दुचाकीला उडवलं. पंधरा-वीस माणसं जमली, त्यात त्याही होत्या. कुणी मोबाइल काढला, कुणी टेम्पोवाल्याची कॉलर धरली, बाकीचे नुसते बघत राहिले. कोपऱ्यावरचा शहाळेवाला मात्र कोयता गाडीवर टाकून धावला. दुचाकीवरच्या पोराच्या मांडीतून रक्त वाहत होतं, तिथे त्याने आपला पंचा दाबून धरला आणि अॅम्ब्युलन्स येईपर्यंत हात काढला नाही. ताई विचारतात, "त्याच्यात असं काय होतं जे माझ्यात नाही? साधा माणूस हिरो होतो तो नेमका कशामुळे? तो स्वभावच असावा लागतो का?" शेवटी त्यांनी लिहिलेलं एक वाक्य मला फार लागलं: "त्या दिवसापासून मला माझीच लाज वाटते आहे."

ताई, आधी त्या लाजेबद्दल. ज्याला काहीच वाटलं नाही तो त्या रात्री घरी जाऊन जेवला आणि झोपला. तुम्हाला लाज वाटली, म्हणजे ते काम आपलं होतं असं तुम्हालाही वाटलं, फक्त उशिरा वाटलं. हा उशीर कशामुळे होतो आणि तो कमी कसा करता येतो, एवढंच मला सांगता येईल. अग्निशमन दलात मी एकतीस वर्षं काढली, फायरमन म्हणून लागलो आणि स्टेशन ऑफिसर म्हणून निवृत्त झालो. आता शाळा, सोसायट्या, कारखाने यांच्यासाठी प्रथमोपचाराचे आणि बचावाचे वर्ग घेतो.

एवढ्या वर्षांत ऐनवेळी नेमकी हवी ती गोष्ट करणारी साधी माणसं मी पुष्कळ पाहिली. त्यांच्या स्वभावात काही साम्य असेल म्हणून मी ते शोधत होतो. सापडलं नाही. त्यात तापट होते, लाजरे होते, एक पक्का दारुडा होता, आणि गल्लीतल्या कुत्र्याला वळसा घालून जाणारे गणिताचे एक मास्तर होते. त्या मास्तरांनी धुराने भरलेल्या जिन्यातून शेजारच्या आजींना पाठीवर घेऊन खाली आणलं होतं. नंतर आम्ही त्यांना पाणी दिलं तर हात एवढे थरथरत होते की पेला धरता येईना. भीती त्यांना पुरेपूर वाटत होती. पण त्या आजी रोज संध्याकाळी त्यांच्याकडून पेपर वाचून घ्यायच्या. इमारतीत चाळीस माणसं होती, आणि आजींना आणणं हे त्यातल्या एकालाच आपलं काम वाटलं.

उत्तर मला वाटतं ते एवढंच आहे. ‘हे माझं काम आहे’ असं ज्याला त्या क्षणी वाटतं तो धावतो. बाकीच्यांनाही दया येते, पण ते काम दुसऱ्या कुणाचं तरी आहे असं वाटत राहतं.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. नोकरीला अकरा वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. सुट्टी होती, साधे कपडे, पत्नीबरोबर एका लग्नाला निघालो होतो. रेल्वे स्टेशनच्या जिन्यावर पन्नाशीचे एक गृहस्थ छातीला हात लावून खाली बसले आणि बघता बघता आडवे झाले. छाती कशी दाबायची हे त्या काळात मी नव्या पोरांना शिकवत होतो. आणि मी उभा राहिलो. किती वेळ ते सांगता येणार नाही, मला तो अजून फार मोठा वाटतो. डोक्यात काय चाललं होतं ते मात्र शब्दन्‌शब्द आठवतं: इथे रेल्वेची माणसं असतील, एवढ्या गर्दीत एखादा डॉक्टर असेलच, बरोबरचं कुणी असेल, आपण मध्ये पडायचं की नाही. पत्नीने माझा दंड धरला आणि म्हणाली, "अहो, तुम्ही फायर ब्रिगेडमध्ये आहात ना?" तेव्हा माझे पाय हलले. ते गृहस्थ वाचले नाहीत. मी लगेच धावलो असतो तर वाचले असते का, हे कुणालाच सांगता येणार नाही, आणि ते न कळणं माझ्याबरोबर आहे.

बंबावरून उतरून त्याच जिन्यावर गेलो असतो तर एक श्वासही थांबलो नसतो. माणूस तोच, शिक्षण तेच. फक्त अंगावर गणवेश नव्हता आणि वर्दी आली नव्हती. आमच्याकडे कॉल आला की ‘वर्दी आली’ म्हणतात. घंटा वाजते, हातातला चहा तसाच राहतो, आणि जायचं की नाही हा प्रश्नच शिल्लक राहत नाही. रस्त्यावरच्या माणसाला वर्दी द्यायला कुणी नसतं. ती त्याला स्वतःच स्वतःला द्यावी लागते. त्या दिवशी मला ती माझ्या पत्नीने दिली.

या थांबण्याचा अभ्यास खूप जुना आहे. जॉन डार्ली आणि बिब लताने या दोन मानसशास्त्रज्ञांनी न्यूयॉर्कमध्ये विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग १९६८ साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थी वेगवेगळ्या खोल्यांत बसून इंटरकॉमवर बोलत होते, आणि त्यातल्या एकाला फिट आल्याचा आवाज ऐकवला गेला. ‘ऐकणारा मी एकटाच आहे’ असं ज्यांना वाटत होतं त्यांच्यातले ८५ टक्के फिट चालू असतानाच मदतीला उठले. आणखी चौघं ऐकत आहेत असं ज्यांना वाटत होतं त्यांच्यातले फक्त ३१ टक्के. यातला पुढचा भाग लोक सहसा सांगत नाहीत. जे उठले नाहीत त्यांचे तळहात घामेजले होते, हात कापत होते, आणि कुणी खोलीत आलं की ते आधी विचारत, ‘तो बरा आहे ना?’ ही निर्दय माणसं नव्हती. त्यांचा निर्णयच होत नव्हता. तुमच्या चौकातल्या पंधरा-वीस जणांतही बहुतेक अशीच असणार.

दुसरा प्रयोग तुमच्या घरी निघण्याशी जोडलेला आहे. १९७३ साली याच डार्ली यांनी डॅनियल बॅटसन यांच्याबरोबर प्रिन्स्टनमधल्या धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना व्याख्यान द्यायला दुसऱ्या इमारतीत पाठवलं. वाटेत एक माणूस दारात कण्हत पडलेला होता. भरपूर वेळ हातात असलेल्यांपैकी ६३ टक्के थांबले. ‘तुम्हाला उशीर झालाय’ असं सांगितलेल्यांपैकी १० टक्के. सगळे धर्माचा अभ्यास करणारे, फरक फक्त घड्याळाचा. सात वाजताची बस, घरी वाट बघणारं मूल, हे सगळं त्या चौकात तुमच्याबरोबर उभं होतं.

पण मला जास्त धीर देणारा अभ्यास २०१९चा आहे. अॅमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाउन या शहरांतल्या रस्त्यांवरच्या भांडणांचं २१९ प्रसंगांचं सीसीटीव्ही चित्रण संशोधकांनी तपासलं. दर दहापैकी नऊ प्रसंगांत कुणी ना कुणी मध्ये पडलं होतं. गर्दी जितकी मोठी, तितकी एक तरी माणूस पुढे होण्याची शक्यता जास्त. शहाळेवाला असतोच, आणि तो काही वेगळ्या मातीचा नसतो.

त्याच्याकडेच जरा नीट बघू. तो त्या चौकात दिवसाचे दहा-बारा तास उभा असतो. वाहतूक पोलिस, रिक्षावाले, शाळेतून सुटणारी पोरं, सगळी त्याच्या ओळखीची. अपघात त्याच्या दारात झाला, आणि तुम्ही तिथून फक्त जात होतात. चौक त्याचा होता. दुसरं, शहाळी सोलणाऱ्या माणसाची बोटं कितीदा कापलेली असतात ते एकदा जवळून बघा. रक्त आलं की फडकं दाबायचं आणि सोडायचं नाही, हे त्याच्या हाताला डोक्याच्या आधी ठाऊक होतं. आपलेपणा आणि हाताला असलेली सवय, या दोन गोष्टी त्याच्याकडे त्या क्षणी एकत्र होत्या. धाडस हा शब्द आपण नंतर चिकटवतो.

२६ नोव्हेंबर २००८च्या रात्रीचं उदाहरण मी वर्गात नेहमी देतो. सहाय्यक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी गिरगाव चौपाटीवर हातात फक्त लाठी असताना कसाबच्या रायफलची नळी धरली, गोळ्या अंगावर घेतल्या, आणि त्यामुळे तो जिवंत हाती लागला. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. त्यांच्यापुढे मी हात जोडतो, पण वर्गातल्या मुलांना म्हणतो की त्याच रात्रीची आणखी दोन माणसं बघा. सीएसटीचे उद्घोषक विष्णू झेंडे. रोज कुठली लोकल कुठल्या फलाटावर ते सांगणारा माणूस. स्टेशनात गोळीबार सुरू झाल्यावर त्यांनी आपली खोली सोडली नाही, ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांना मागच्या बाजूने बाहेर पडायला सांगत राहिले. त्यांच्या खोलीच्या काचेच्या दिशेनेही गोळ्या झाडल्या गेल्या. त्यांनी काय केलं? रोजचंच काम केलं. घोषणा केली.

दुसऱ्या, कामा रुग्णालयातल्या परिचारिका अंजली कुलथे. त्यांच्या वॉर्डमध्ये २० गरोदर बायका होत्या. अतिरेकी आवारात शिरलेले त्यांनी पाहिले, दारं लावून घेतली आणि सगळ्यांना वॉर्डच्या टोकाच्या छोट्या पॅन्ट्रीत नेऊन बसवलं. गोळीबार चालू असतानाच एकीला कळा सुरू झाल्या, तेव्हा भिंतीला धरून धरून तिला प्रसूतिकक्षापर्यंत पोचवलं. पुढे त्यांनी कसाबविरुद्ध साक्ष दिली, आणि डिसेंबर २०२२मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे त्या रात्रीबद्दल बोलल्या. नाइट ड्यूटीच्या नर्सने पेशंट सांभाळले. एवढंच, आणि ते केवढं आहे.

वांगणीचं चित्रण बहुतेकांनी पाहिलेलं आहे. १७ एप्रिल २०२१, दृष्टिहीन आईचा हात धरून चालणारं मूल फलाटावरून रुळांवर पडलं आणि समोरून उद्यान एक्सप्रेस येत होती. पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारे रेल्वे कर्मचारी, मयूर शेळके रुळांवरून गाडीच्या दिशेने धावले, मुलाला वर ढकललं आणि गाडी पोचायच्या आत स्वतः वर चढले. आपल्यालाही धोका आहे हा विचार मनात आला होता, असं त्यांनी नंतर स्वतः सांगितलं. बक्षिसाच्या ५०,००० रुपयांतले अर्धे त्यांनी त्या मुलासाठी दिले. मी पोरांना ते चित्रण दाखवतो आणि विचारतो, हा माणूस रुळांवर कसा पळतोय ते बघा. गिट्टीवर, स्लीपरवर पाय कसा टाकायचा हे त्याच्या पायांना रोजचं आहे. तुम्ही-मी त्याच जागी पळालो असतो तर दहा पावलांत पडलो असतो.

म्हणून हाताला काहीतरी येत असावं लागतं, यावर माझा फार भर असतो. एकदा कालव्यात बुडणाऱ्या पोराची वर्दी आली. आम्ही पोचेपर्यंत तो काठावर बसून ओकत होता, जिवंत. साठीच्या एका आजीबाईंनी त्याला काढलं होतं आणि त्यांना स्वतःला पोहता येत नव्हतं. कपडे धुवायला आल्या होत्या. त्यांनी ओल्या नऊवारी लुगड्याला पीळ दिला, टोकाला गाठ मारली, खाली बसल्या, टाचा दगडाला टेकवल्या आणि मग ते टोक फेकलं. पहिल्यांदा चुकलं, ओढून घेऊन परत फेकलं. नऊवारी म्हणजे जवळजवळ आठ मीटरची दोरी, आणि ओल्या कापडाला वजन असतं म्हणून ते लांब जातं. बसून का फेकलं, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "हुबं ऱ्हायलं तर त्यो मला बी वढील की." जन्मभर बैलांचे कासरे धरलेले हात होते ते. आम्हाला प्रशिक्षण केंद्रात नेमकं हेच शिकवतात: दूर राहा, आधार घे, खाली बस, फेक. आम्ही त्यांचं कौतुक करायला लागलो तर त्या पिळलेलं लुगडं पुन्हा धुवायला लागल्या. "लुगडं हातातच व्हतं," एवढंच बोलल्या.

आता जे सांगणार आहे ते नीट वाचा, कारण याच्यापायी मी माणसं गेलेली पाहिली आहेत. अंगात धाडस असून कामाची माहिती नसली की एका मरणाची तीन होतात. एका गावात विहिरीतला गाळ काढायला माणूस उतरला. पाणी उपसायला डिझेल इंजिन आतल्या कट्ट्यावर ठेवून चालवलं होतं. तो खालीच पडला. त्याला काढायला भाऊ उतरला, तोही पडला. त्या दोघांना बघून शेजारी उतरला. तिघेही धडधाकट, तिघांना चांगलं पोहता येत होतं, आणि खाली गुडघाभर पाणी होतं. इंजिनच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड त्यांच्या छातीत गेला. या वायूला वास नाही, रंग नाही. विहिरीत दिवा सोडून बघायची जुनी पद्धत इथे उपयोगाची नाही, कारण या वायूतही दिवा तेवत राहतो. मैल्याच्या टाकीत हायड्रोजन सल्फाइड असतो. सुरुवातीला कुजक्या अंड्यासारखा वास येतो, आणि वायू वाढला की नाकच बधिर होऊन वास येणं बंद होतं. माणसाला वाटतं हवा चांगली झाली.

आम्ही त्या विहिरीवर पोचलो तेव्हा काठावर एक विचित्र झटापट चालली होती. सतरा वर्षांचा एक मुलगा आपल्या मामाच्या कमरेला मिठी मारून जमिनीवर पडला होता. मामा त्याला लाथा मारत होता, शिव्या देत होता, खाली माझी माणसं मरतायत, सोड, भित्र्या. पोराचं तोंड फुटलं होतं, पण त्याने मिठी सोडली नाही. आम्ही बीए सेट, म्हणजे पाठीवरच्या सिलिंडरमधली हवा तोंडाला लावून उतरलो आणि तिघांना वर काढलं. एकही जिवंत नव्हता. उतरला असता तर मामा चौथा झाला असता. पोराला विचारलं, तुला कसं कळलं? तो म्हणाला, शाळेत एका साहेबांनी सांगितलं होतं, दोघं बेशुद्ध पडले तर तिसऱ्याने उतरायचं नाही.

त्या मुलाचा सत्कार झाला नाही. उलट घरातली काही माणसं पुढे कित्येक दिवस त्याच्याशी बोलत नव्हती. माझ्या सगळ्या नोकरीत मला भेटलेला सर्वांत मोठा हिरो कोण असं कुणी विचारलं तर मी त्याचं नाव घेईन. आपल्याच माणसाच्या शिव्या आणि लाथा खात योग्य गोष्टीला मिठी मारून पडून राहणं मला आगीत शिरण्यापेक्षा अवघड वाटतं. आगीत शिरताना निदान लोक टाळ्या तरी वाजवतात.

आमच्या खात्यात मरण पत्करलेली माणसं कमी नाहीत. १४ एप्रिल १९४४ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाजाला आग लागली. कापसाच्या गाठी आणि दारूगोळा एकाच जहाजात होता. स्फोटात अग्निशमन दलाचे ६६ जण गेले, आणि म्हणून दरवर्षी त्या तारखेला देशभरातल्या फायर स्टेशनांत आम्ही मान खाली घालून उभे राहतो. पण त्यांची शपथ आणि त्यांचं शिक्षण वेगळं होतं. ताई, तुमच्याकडून कुणी ते मागत नाही. तुम्हाला कुणी विहिरीत उतरायला सांगितलं तर त्याचं ऐकू नका.

तुमच्याकडून जे मागितलं जातं ते बरेचदा याहून कितीतरी छोटं असतं. ३० जुलै २०१४च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातल्या माळीणकडे जाणाऱ्या एसटीच्या चालकाला नेहमीचं गावच दिसेना, समोर फक्त चिखल. त्याने खबर दिली, आणि डोंगराखाली गाव गाडलं गेल्याचं जगाला कळलं. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, तेव्हा जवळच्या गॅरेजमधल्या एका माणसाने अंधारात, पावसात येणारी गाडी थांबवली आणि लोकांना कळवलं. दोघांनीही कुणाला पाठीवर उचललं नाही. रोज ओळखीची असलेली जागा आज वेगळी दिसते आहे हे त्यांच्या ध्यानात आलं आणि ते गप्प राहिले नाहीत. किती माणसं वाचली याचा हिशेब अशा वेळी लागतच नाही. न झालेल्या अपघाताची नोंद कुठल्याच रजिस्टरमध्ये नसते.

मग त्या चौकात तुम्ही काय करू शकत होतात?

आधी बोलायचं. मोठ्याने, आणि एका माणसाकडे बोट दाखवून. ‘कुणीतरी अॅम्ब्युलन्स बोलवा’ हे वाक्य गर्दीत हवेत विरतं, कारण ‘कुणीतरी’ नावाचा माणूस तिथे नसतो. ‘निळा शर्ट, तुम्ही १०८ लावा आणि लागला की मला सांगा. काका, तुम्ही मागची वाहनं थांबवा.’ निळ्या शर्टवाल्याला तुम्ही वर्दी दिलीत. आता ते काम त्याचं झालं. मी शेकडो वेळा पाहिलंय, बोट दाखवल्यावर माणूस नाही म्हणत नाही. बहुतेकांच्या चेहऱ्यावर सुटका दिसते, जणू तो कुणी सांगायचीच वाट बघत होता. आणि एकदा तोंडातून आवाज निघाला की आपले पायही मोकळे होतात.

मग हात. रक्त वाहत असेल तर जे स्वच्छ कापड मिळेल ते जखमेवर ठेवून जोराने दाबायचं. थांबलं का हे बघायला उचलायचं नाही. भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवायचं. मान-पाठीला मार असण्याची शक्यता असेल आणि जागेवर आगीचा किंवा वाहनांचा धोका नसेल तर त्याला उगाच हलवायचं नाही, हेल्मेट ओढायचं नाही, पाणी पाजायचं नाही. हाक मारून, खांदे थोपटून माणूस प्रतिसाद देत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल तर छातीच्या मधोमध तळहाताची मनगटाकडची बाजू ठेवायची, दुसरा हात त्यावर, कोपरं ताठ, आणि मिनिटाला १०० ते १२० या वेगाने पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबत राहायचं, मदत येईपर्यंत. वाचून हे येत नाही. एका दुपारी बाहुलीवर करून बघावं लागतं. पहिल्या मिनिटातच दंड भरून येतात आणि आपण किती हलकं दाबत होतो ते कळतं. पाण्याजवळ राहणाऱ्यांना मी झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन आणि दहा मीटर दोरी घरात ठेवायला सांगतो. कॅनमध्ये थोडं पाणी घातलं की तो नीट फेकता येतो, आणि तरंगतोही.

‘पोलिसांचं लचांड मागे लागेल’ ही भीती खरी होती, एके काळी. आमच्या समोर मदत करणाऱ्यालाच रात्रभर बसवून ठेवलेलं आम्ही पाहिलं आहे. पण ३० मार्च २०१६ला सुप्रीम कोर्टाने मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांना बंधनकारक केलं, आणि मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने कलम १३४-अ आलं. चांगल्या हेतूने केलेल्या मदतीसाठी तुमच्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि नाव-पत्ता द्यायची सक्ती कुणाला करता येत नाही. गंभीर जखमीला वेळेत रुग्णालयात पोचवणाऱ्यासाठी केंद्र सरकारची ‘राहवीर’ योजना आहे, त्यात २५,००० रुपये आहेत. पैशासाठी कुणी धावत नाही, पण घरचे ‘कशाला मध्ये पडलास’ म्हणतात तेव्हा हे सांगता येतं.

‘स्वभावच लागतो का’ या तुमच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून मी एक गोष्ट करायला सांगतो, आणि ती वर्गातही करून घेतो. डोळे मिटायचे आणि आपल्या रोजच्या रस्त्यावरची एक जागा ठरवायची: बसस्टॉप, सोसायटीचा जिना, ऑफिसची लिफ्ट. इथे काही झालं तर ते माझं काम. जगभरात नको, फक्त तिथे. मग तिथे काय काय होऊ शकतं आणि मी पहिली गोष्ट काय करेन, हे मनात करून बघायचं. आम्ही ड्रिल करतो म्हणजे दुसरं काय करतो? होज, म्हणजे पाण्याची नळी, पसरायची, गुंडाळायची, परत पसरायची, शेकडो वेळा, म्हणजे खरी वर्दी आली की डोक्याला विचारावं लागत नाही. माझ्या एका वर्गात बँकेत काम करणाऱ्या एका बाईंनी आपल्या शाखेचा जिना निवडला होता. पुढच्या वर्षी त्या भेटल्या. जिन्यात पडलेल्या पेन्शनरांपाशी सगळ्यांच्या आधी आपण पोचलो, आणि आश्चर्य आपलं आपल्यालाच वाटलं, असं म्हणाल्या. मला वाटलं नाही.

आणखी एक, जे कुणी विचारत नाही. धावलेल्या माणसाचं पुढे काय होतं? चार दिवस फोटो, शाल-श्रीफळ, नगरसेवकाचा हात खांद्यावर. मग तो घरी असतो आणि रात्री जागा होतो. मास्तर कित्येक महिने जिन्याचा दिवा बंद करू देत नव्हते. आमच्या खात्यातली माणसं एकमेकांशी बोलून तरी घेतात, चहाच्या टपरीवर सगळं पुन्हा पुन्हा सांगतात, आणि त्यातूनच हलकी होतात. साध्या माणसाला ते सांगायला कुणी नसतं, कारण ऐकणाऱ्याला शौर्याची गोष्ट हवी असते, रक्ताचा वास नको असतो. ज्याला वाचवायला गेलो तोच गेला असेल तर आणखीच वाईट. अशा माणसाला लोक हिरोही म्हणत नाहीत, आणि त्याने केलेलं काम तर तेच असतं.

तेव्हा ताई, वर्गाला जरूर या, पण त्याआधी एक करा. त्या चौकात जा, एक शहाळं घ्या आणि तो कोयता खाली ठेवेपर्यंत थांबा. त्याला सांगा की त्या दिवशी मी तिथे होते. तो पोरगा कसा आहे हे त्याला कळलं का, विचारा. बहुधा कुणी कळवलेलं नसेल. आणि पंचा धुतल्यावर रक्ताचा डाग गेला का, रात्री झोप लागते का, हेही विचारा. तो बोलायला लागला तर शहाळं संपलं तरी उठू नका.